जाड ऑइलचा गैरसमज

एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. त्याच दिवसांत उल्हासनगरच्या कॅम्पांपासून वांगणीपर्यंतच्या गॅरेजांत एक सल्ला ऐकू येतो: "गरमी आहे, जाड ऑइल टाकू." कंपनीने 10डब्ल्यू-30 सांगितलेल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत मग 20डब्ल्यू-50 ओतले जाते. टॅपेटचा आवाज दबतो, इंजिन मऊ चालल्यासारखे वाटते आणि मालक समाधानाने घरी जातो. सल्ला देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि त्याचे बिल पुढे मालकालाच भरावे लागते.

चूक कुठे होते, हे समजून घ्यायला हवे. आपल्या अंगाला चाळीस अंश असह्य होतात, पण इंजिन ऑइलच्या हिशेबाने ती थंडीच आहे. ऑइलचे खरे काम शंभर अंशांच्या आसपास चालते. त्या तापमानाला 10डब्ल्यू-30चा दाटपणा साधारण दहा सेंटिस्टोक आणि 20डब्ल्यू-50चा अठराच्या जवळपास असतो. चाळीस अंशांना हेच आकडे सत्तरच्या आणि दीडशेच्या पुढे जातात. म्हणजे मे महिन्याच्या भर दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू केली, तरी जाड ऑइल पातळ ऑइलच्या दुपटीहून दाट असते. वर हेडमधल्या कॅमपर्यंत पोहोचायला त्याला जास्त वेळ लागतो, आणि तो उशीर होत असतानाच धातूवर धातू घासतो.

दुसरा गैरसमज 'डब्ल्यू'च्या आधीच्या आकड्याचा. 10डब्ल्यू हे थंड प्रदेशाचे ऑइल, आपल्याकडे 20डब्ल्यूच हवे, असे ठामपणे सांगितले जाते. वास्तविक 10डब्ल्यूची एक कसोटी उणे 25 अंशांना घेतात आणि 20डब्ल्यूची उणे 15 अंशांना. बदलापूरची जानेवारी कितीही बोचरी असली तरी या दोन्हींच्या जवळपासही जात नाही. गरम इंजिनात ऑइल किती दाट राहील ते डब्ल्यूच्या नंतरचा आकडा सांगतो, आणि तो आकडा गाडी बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. बेअरिंगमधली फट, ऑइल जायच्या वाटांची रुंदी, पंपाची ताकद हे सगळे धरून तो ठरतो. हिरोच्या स्प्लेंडरला 10डब्ल्यू-30 सांगितलेले आहे, रॉयल एनफिल्डच्या आजच्या 350 सीसी गाड्यांना 15डब्ल्यू-50, तर पल्सरच्या अनेक मॉडेलांना 20डब्ल्यू-50. त्यामुळे ॲव्हरेज वाढेल या आशेने बुलेटमध्ये 10डब्ल्यू-30 टाकणे हीही तितकीच मोठी चूक आहे. काही पुस्तिकांमध्ये हवेच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. निवड करायचीच असेल तर त्या तक्त्याच्या आत करावी.

आकड्याइतकेच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचे एक अक्षर डब्याच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात असते. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना एकच ऑइल पुरते. क्लचप्लेटा त्याच ऑइलात बुडालेल्या असतात आणि त्यांना घर्षण लागते. म्हणून जपानी जासो मानकाचे एमए किंवा एमए2 ऑइल बाइकसाठी असते. एमबी हे घर्षण आणखी कमी करणारे ऑइल ड्राय क्लचच्या स्कूटरसाठी आहे. ज्या घरात स्कूटर आणि बाइक दोन्ही आहेत तिथे उरलेले अर्धे ऑइल "वाया कशाला घालवायचे" म्हणून दुसऱ्या गाडीत जाते. कारच्या 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' लिहिलेल्या ऑइलचेही तसेच. मग चढावर इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरत नाही, आणि दोष क्लचप्लेटांवर येतो. सुटे ऑइल घेणाऱ्याला तर हे अक्षर पाहायलाच मिळत नाही. सीलबंद डब्याखेरीज ऑइल घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता या पट्ट्याचा खास प्रश्न. कात्रप, बेलवली किंवा शिरगावातून निघायचे, दोन-अडीच किलोमीटरवर स्टेशनच्या स्टँडला गाडी लावायची आणि लोकल पकडायची. संध्याकाळी तेवढेच अंतर परत. एवढ्या वेळात ऑइल पुरते तापतच नाही. इंजिनात शिरलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल उडून न जाता ऑइलात साठत राहते आणि ते पातळ, आम्लयुक्त होत जाते. अशी गाडी दिवसाला पाच किलोमीटर धरली, तरी तीनशे दिवसांत पंधराशे किलोमीटर होतात. सहा हजार किलोमीटरचा आकडा भरायची वाट पाहिली तर चार वर्षे तेच ऑइल राहील. या माणसाला जाड ऑइल उपयोगाचे नाही. त्याने किलोमीटर सोडून महिने मोजावेत आणि फार तर वर्षाला ऑइल बदलावे. उलट दिवसभर डिलिव्हरी करणारा किंवा काटई रस्त्याच्या धुळीतून कंटेनरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडणारा. त्याचे ऑइल खरोखर तापते, गिअरच्या दातांत चिरडून हळूहळू दाटपणा गमावते. त्यानेही ग्रेड न बदलता मुदत कमी करावी आणि दर आठवड्याला डिपस्टिक पाहावी. लहान बाइकमध्ये जेमतेम लिटरभर ऑइल असते. त्यातले दोनशे मिली जळाले तर पाचवा हिस्सा गेला.

जुन्या इंजिनाचा आवाज किंवा धूर दाबण्यासाठी जाड ऑइल टाकतात, ते अधिक धोक्याचे. रिंगा झिजल्या असतील तर त्या झिजलेल्याच राहतात, फक्त काही महिने कळत नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने म्हणूनच कोणते ऑइल टाकले आहे ते विचारावे आणि गाडी रात्रभर थंड राहिल्यावर सकाळी स्वतः सुरू करून ऐकावी.

आणि पावसाळा. 27 जुलै 2019ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली, तेव्हा उल्हास नदीचे पाणी बदलापूरच्या सखल वस्त्यांतही शिरले होते. पार्किंगमधली गाडी अशी बुडाली तर पाणी ओसरल्यावर लगेच बटण दाबू नये. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसले तर त्यात पाणी आहे, आणि तेव्हा ग्रेडला काही अर्थ उरत नाही. गाडी ढकलतच गॅरेजला न्यावी, प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढावे, योग्य ग्रेडचे साधे, स्वस्त ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवावे, तेही काढून टाकावे आणि मगच नेहमीचे ऑइल फिल्टरसह घालावे.