पार्क स्ट्रीटची वजाबाकी

फॅमिलीबरोबर कोलकात्याला जाणाऱ्या मराठी माणसाची लिस्ट साधारण सेम असते. दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा ब्रिज, मिष्टी दोई आणि मावशी-काकूंसाठी साड्या. आमचीही तीच होती. फक्त तिसऱ्या दिवशी सकाळचे तीन तास मोकळे सापडले आणि मी हळूच पुडी सोडली, ‘साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्री बघू या?’

‘सिमेट्री म्हणजे मसण ना गं?’ आई.

‘हेरिटेज आहे आई ते. गेटवर तिकीट असतं.’

‘तिकीट काढून मसणात जायचं?’ बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं. ‘अगं, तिथे शेवटी सगळ्यांना फुकटच नेतात.’

धाकट्या भावाने मात्र माझी बाजू घेतली. कारण तो फेलुदाचा फॅन. सत्यजित राय यांची ‘गोरस्थाने साबधान’ ही फेलुदाकथा याच दफनभूमीत घडते, आणि त्यावर संदीप राय यांनी २०१० मध्ये सिनेमाही काढला. म्हणजे एक मत फेलुदाचं, एक माझं. बाबा तटस्थ. आई बहुमतापुढे गप्प.

टॅक्सीवाल्या काकांनी ‘कुठून आलात?’ विचारलं. बाबांनी छाती फुगवून ‘महाराष्ट्र, मराठा’ सांगितलं. काका मिशीत हसून म्हणाले, ‘ओ, बोर्गी!’ बाबांना वाटलं, कौतुक चाललंय. मग मी त्यांना इतिहास सांगितला. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांबरोबर बंगालवर चालून आल्या. त्यांच्या बारगिरांचे इथे ‘बोर्गी’ झाले. त्यांनी एवढी लुटालूट केली, की बंगाली आया आजही पोरांना झोपवताना बोर्गी येतील म्हणून अंगाईत भीती घालतात. कलकत्तेकरांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला. १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड करायला घेतला. तोच आजचा एजेसी बोस रोड. आणि आमची दफनभूमी त्याच रस्त्याच्या आणि पार्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावर! बाबा उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत गप्प बसले.

पार्क स्ट्रीट म्हणजे कोलकात्यातला सगळ्यात हॅपनिंग रस्ता. रेस्टॉरंट्स, केक, ख्रिसमसची लायटिंग. २००४ पासून त्याचं ऑफिशियल नाव मदर तेरेसा सरणी आहे, पण ते पत्त्यातच. आणि कधीकाळी याच रस्त्याचं नाव होतं ‘बरियल ग्राउंड रोड’. सरळ मसणवाटच की! पुढे न्यायाधीश एलाइजा इम्पी यांच्या हरणांच्या पार्कवरून नवं नाव पडलं आणि इमेज सुधारली.

गेटच्या आत पाऊल टाकलं की हॉर्नचा आवाज हळूहळू मागे पडतो. मी साधे क्रॉस आणि फुलं एक्स्पेक्ट करत होते. समोर मात्र चक्क पिरॅमिड! काळपट, शेवाळलेले, दोन-दोन मजली उंच पिरॅमिड, टोकदार स्तंभ, खांबांवरच्या घुमट्या. पाणी टपकणाऱ्या झाडांखाली एखादं छोटं शहर वसवून माणसं निघून जावीत, तसं. आणि हे सगळं दगडाचं वाटलं तरी आतून विटा आणि वरून चुन्याचा गिलावा. १७६७ मध्ये ही जागा सुरू झाली आणि १८३० च्या दशकापर्यंत इथे दफनं होत राहिली. थडगी सोळाशेच्या आसपास.

आई शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होती. त्यामुळे सवयीने तिची वजाबाकी सुरू झाली. पाटीवर जन्म-मृत्यूची सालं असली तर ती वय काढायची. नुसतं वय असलं तर जन्मसाल. आणि उत्तर मोठ्याने सांगायची.

‘एकोणीस.’

‘सव्वीस.’

‘ही तेवीस, आणि शेजारी तिचं बाळ. चार महिने.’

बाबा म्हणाले, ‘अगं, हे काय म्हाताऱ्यांना पुरत नव्हते का?’ तर मुद्दा असा, की म्हातारे व्हायला फार कमी जण उरायचे. विलायतेहून इथे आलेल्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी त्या काळी म्हणच पडली होती. कॉलरा, हिवताप, हगवण. कंपनीची नोकरी म्हणजे तेव्हाचं ड्रीम पॅकेज. पण जॉइन झालेल्यांतले किती घरी परततील, याची गॅरंटी नाही. आपण ऑनसाइटला जाताना काय काय टेन्शन घेतो, ते आठवून मला थोडं हसू आलं.

एका गोल पीळ घातलेल्या स्तंभापाशी आई थांबली. रोझ एल्मर. १७७९ मध्ये जन्मली, १८०० मध्ये गेली. वीस वर्षं. मावशीकडे राहायला म्हणून कलकत्त्याला आली होती. मावशीचे यजमान न्यायाधीश रसेल. जवळच्या रसेल स्ट्रीटला त्यांचंच नाव आहे. वेल्समध्ये तिला ओळखणारा एक तरुण होता, वॉल्टर सॅव्हेज लँडर. तिच्या जाण्यावर त्याने अगदी छोटीशी कविता लिहिली आणि ती इंग्रजीतली एक प्रसिद्ध कविता झाली. त्या ओळी थडग्यावर कोरल्या आहेत.

आता गंमत बघा. हाच लँडर पुढे चार्ल्स डिकन्सचा दोस्त झाला. डिकन्सने आपल्या मुलाचं नाव त्याच्यावरून ठेवलं, वॉल्टर लँडर डिकन्स. तो मुलगा सैन्यात शिरला, हिंदुस्थानात आला, आणि ३१ डिसेंबर १८६३ ला कलकत्त्यातच गेला. वय बावीस. त्याचा दगडही याच आवारात आहे! फक्त तो इथे पुरलेला नाही. त्याचं दफन भवानीपूरच्या लष्करी दफनभूमीत झालं. दगड १९८७ मध्ये इथे आणला.

‘म्हणजे पोरगं तिकडे आणि नाव इकडे?’ आईने विचारलं.

‘हो.’

ती त्या दगडापाशी जरा जास्तच वेळ उभी राहिली. मला वाटलं, पाय दुखत असतील.

पुढे भावाला हिरो भेटला, डिरोझिओ. हिंदू कॉलेजात शिकवायला लागला तेव्हा सतरा वर्षांचा. पोरांना सांगायचा, कुठलीही गोष्ट कुणी सांगितली म्हणून मानू नका, आधी प्रश्न विचारा. सनातनी पालक खवळले, १८३१ मध्ये त्याला कॉलेज सोडावं लागलं, आणि त्याच डिसेंबरात कॉलऱ्याने गेला. बावीस वर्षं. बाबांना मात्र आवडले चार्ल्स स्टुअर्ट. मेजर जनरल, जन्माने आयरिश, लोकांनी नाव ठेवलं ‘हिंदू स्टुअर्ट’. रोज सकाळी गंगेवर आंघोळीला जाणार, गोऱ्या मडमांना साडी नेसायचा सल्ला देणार. १८२८ मध्ये गेले. त्यांचं थडगं म्हणजे नक्षीदार देऊळच. त्यांनी जमवलेल्या मूर्ती मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्या. बाबा म्हणाले, ‘भक्ती इथे, मूर्ती तिथे. छान!’

सगळ्यात उंच स्तंभांपैकी एक सर विल्यम जोन्स यांचा. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळाच्या भाषा असाव्यात, हे १७८६ मध्ये सांगणारे, ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेणारे. १७९४ मध्ये गेले, वय ४७. त्यांनी १७८४ मध्ये स्थापलेली एशियाटिक सोसायटी आजही पार्क स्ट्रीटच्या एका टोकाला आहे, आणि ते स्वतः दुसऱ्या टोकाला.

आई जोन्ससाहेबांकडे आलीच नाही. एका बुटक्या थडग्याच्या कठड्यापाशी उभी होती. पाटी अर्धी पुसलेली, नाव वाचता येत नव्हतं. वय तेवढं शाबूत होतं, दोन वर्षं.

‘तुला एक मामा होता,’ ती म्हणाली.

मला दोन मामा आहेत, दोघांचेही फोन येतात. हा तिसरा. दोघांच्या मधला. आई तेव्हा सात वर्षांची, तो अडीचचा. घटसर्प झाला. कराडला न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत संपलं. आपल्याकडे एवढ्या लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. आजोबा त्याला ओढ्याकाठी घेऊन गेले. आई मागे धावली, तर तिला परत पाठवलं. बायकांनी, पोरींनी जायचं नसतं. पुढे त्या बाजूने कालवा गेला. बाभूळही गेली.

‘फोटो?’

‘कुठला फोटो! तेव्हा लग्नातच काढायचे. आई-दादा गेले. धाकट्याला तो माहीतच नाही. थोरल्याला विचारलं तर म्हणतो, नको तो विषय.’

‘म्हणजे आता…’

‘म्हणजे मीच,’ आई म्हणाली. ‘एवढ्या लांबच्या पोरांची नावं ही माणसं दोनशे वर्षं सांभाळतात. आमच्यात एवढं पण कुणी लिहून नाही ठेवलं.’

मग तिने त्याचं नाव सांगितलं. दोनदा, कारण पहिल्यांदा आवाज नीट आला नाही. जन्मसाल तिला पाठ नव्हतं, पण तिने तिथेच हिशोब केला. तो गेला ते साल, वजा अडीच. मी फोनमध्ये टाइप केलं. नाव, दोन्ही सालं, गाव, ओढा. ते नाव इथे छापत नाहीये. तशी आईची परवानगी नाही. पण घरी आल्यावर भावाने फॅमिली ट्रीची एक शीट केली आणि दोन मामांच्या मधे एक नवी ओळ घातली. थोरल्या मामांना तिची लिंक पाठवली. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या ओळीत आपण होऊन एक शब्द भरला होता. त्याला घरात हाक मारायचे ते नाव.

तर, कोलकात्याला जाल तेव्हा साउथ पार्क स्ट्रीटला दोन तास काढाच. सकाळी जा, थंडीत गेलात तर बेस्ट. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास खतरनाक आहेत. बंद शूज हवेत, पायवाटा शेवाळाने निसरड्या होतात. थडग्यांवर चढून फोटो काढू नका, चुना ठिसूळ आहे. आणि घरातल्या मोठ्यांना हॉटेलवर आराम करायला सोडून जाऊ नका, बरोबर न्या.

नंतर चालत पार्क स्ट्रीटवर या आणि काहीतरी गोड खा. आमच्या आईने त्या दिवशी दोन पेस्ट्री खाल्ल्या. डायबेटिसचा विषय बाबांनीसुद्धा काढला नाही.