विमानातला एक स्विच आणि शेकडो जीव

२० सप्टेंबर २०१८. जेट एअरवेजचे मुंबई-जयपूर विमान १६६ प्रवासी घेऊन निघाले आणि थोड्याच वेळात परत मुंबईत उतरले. तीसेक जणांच्या नाकातून, कानातून रक्त आले होते. केबिनमधला हवेचा दाब राखणारा स्विच सुरू करायचाच वैमानिकांकडून राहून गेला, असे डीजीसीएने सांगितले. दोघांनाही कामावरून बाजूला केले गेले. बातमी तिथेच संपली.

पण प्रश्न तिथे संपत नाही. ३५ हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की दाब गेला तर अर्ध्या-एक मिनिटात माणसाचे भान हरपते. म्हणूनच इंजिनातली दाबलेली हवा केबिनमध्ये सोडतात. ती मिळाली नाही तर वैमानिकांनी आधी स्वतःचा मास्क लावायचा आणि विमान झपाट्याने १० हजार फुटांपर्यंत खाली आणायचे. बाकीची कामे नंतर.

हा क्रम चुकला तर काय होते, ते १४ ऑगस्ट २००५ रोजी ग्रीसमध्ये दिसले. सायप्रसच्या हेलिओस कंपनीच्या बोइंग ७३७ मध्ये रात्रीच्या तपासणीनंतर दाबाचा स्विच ‘मॅन्युअल’वरच राहिला. उड्डाणापूर्वीच्या चेकलिस्टमध्येही तो सुटला. वर जाताना भोंगा वाजला, पण वैमानिकांना तो दुसऱ्याच बिघाडाचा वाटला, कारण दोन्ही इशाऱ्यांचा आवाज एकच होता. मास्क न लावता ते कारण शोधत बसले आणि बेशुद्ध झाले. इंधन संपेपर्यंत विमान आपोआप उडत राहिले. १२१ पैकी एकही वाचला नाही.

चौकशीत वैमानिकांबरोबरच कंपनीचा कारभार, सरकारी देखरेख आणि विमान बनवणारे यांच्याही उणिवा निघाल्या. पुढे बोइंग ७३७ मध्ये या धोक्यासाठी वेगळे दिवे बसवले गेले. खरी सुधारणा ही अशी असते. फक्त वैमानिकाला घरी बसवले की पुढच्या विमानातला तोच स्विच सुरक्षित होत नाही. चूक नेमकी कुठून सुटली, हे कंपनीने आणि डीजीसीएने लोकांना सांगायला हवे.

आता आपल्यापुरते. उमराहला, आखातात किंवा लग्नकार्याला जाताना घरातले वडीलधारे अनेकदा पहिल्यांदाच विमानात बसतात. सूचना त्यांना समजत नाहीत आणि आपण मोबाईलमध्ये असतो. त्यांना घरीच सांगून ठेवा: मास्क खाली आला की ओढून नाका-तोंडावर लावायचा. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. आधी स्वतःला, मग मुलाला. आईच्या जिवाला हे पटत नाही, पण आईच बेशुद्ध झाली तर लेकराला मास्क लावणार कोण? आणि पट्टा बांधूनच बसा. विमान वेगाने खाली येऊ लागले तर घाबरू नका, वैमानिक तुम्हाला श्वास घेता येईल अशा हवेत नेत असतो.