मावशींच्या पुढची पायरी

ज्येष्ठांची संख्या वाढते आहे, म्हणून त्यांच्या सेवेच्या क्षेत्रात करिअरला मोठा वाव आहे, असे आता तरुणांना सर्रास सांगितले जाते. यातला पहिला भाग निर्विवाद आहे. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढच्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. पण गरज वाढली म्हणून व्यवसाय उभा राहतोच असे नाही. आधी वाढतात ते घरी मदतनीस पुरवणारे ब्युरो. पुण्या-मुंबईत ब्युरोकडून बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी जे काम करतात, तेच बहुधा दहा वर्षांनंतरही करत असतात. जनरल ड्यूटी असिस्टंटचा अभ्यासक्रम आहे, प्रमाणपत्रही मिळते. पण त्या कागदाने घरी जाणाऱ्या बाईच्या पगारात आणि अधिकारात फारसा फरक पडत नाही. ज्या कामाला पुढची पायरी नाही, ते करिअर म्हणून कुणापुढे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे आम्हाला वाटते.

‘नुसते बसायचे तर काम’ हा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि माकडहाडापाशी न जाणारी लाली दिसली तर ती जखमेची सुरुवात असते. काल नीट बोलणाऱ्या आजी आज एकाएकी असंबद्ध बोलू लागल्या, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देता येत नाही. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा घटलेले सोडियमही त्यामागे असू शकते. हे डॉक्टरांच्या आधी मावशींना दिसते. मात्र पाहिलेले लिहून ठेवायची वही आणि कळवायला वरिष्ठ व्यक्ती त्यांच्याकडे क्वचितच असते. निरीक्षण, नोंद आणि ती वाचणारी पर्यवेक्षिका या तीन गोष्टी आल्या की पायऱ्या आपोआप दिसू लागतात.

सरकारी विम्याचा पैसा आल्याशिवाय हे शक्य नाही, असे ब्युरोचालक म्हणतात. जपानचा अनुभव वेगळा आहे. तिथे काळजीवाहकांच्या राष्ट्रीय पात्रतेचा कायदा १९८७ साली झाला. दीर्घकालीन काळजीचा विमा आला तो २००० साली. ‘शिकवलेली बाई टिकत नाही’ ही दुसरी तक्रार खरी आहे, पण बाई जाते कारण राहण्यासारखे काही नसते. अनेक मालकांकडे फिरणाऱ्या कामगाराला स्थैर्य देण्याचा मार्ग महाराष्ट्राने १९६९च्या माथाडी कायद्याने आणि १९८१च्या सुरक्षारक्षक कायद्याने दाखवला आहे: नोंदणी मंडळाकडे, लेव्ही मालकाकडून, त्यातून भविष्यनिर्वाह निधी. त्या मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, घर म्हणजे गोदाम नव्हे हेही खरे. तरी नोंदणी आणि निधीची ती रचना इथे जुळवून घेण्याजोगी आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप कुटुंबांचा आहे: परवडणार कसे? २०२४मध्ये सत्तरीपुढच्या सर्वांना लागू झालेली आयुष्मान भारत योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांपुरती आहे. घरचे महिनोन्‌महिने कुटुंबाच्याच माथी. पण कुटुंबे बारा तास विकत घेतात, ते पुष्कळदा दुसरे काही मिळत नाही म्हणून. खिळलेल्या रुग्णाला पूर्ण पाळी लागते. हिंडत्याफिरत्या, एकट्या राहणाऱ्या आजोबांना सकाळी आंघोळीला आधार, गोळ्यांचा डबा भरून देणे आणि संध्याकाळी हात धरून एक फेरी पुरते. सदाशिव पेठेत किंवा दादरला अशी घरे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एका प्रशिक्षित मदतनीसाने अशी चार-पाच घरे सांभाळली तर प्रत्येक घराचा खर्च उतरेल आणि तिची मिळकत वाढेल. अशा दहा जणींच्या फेऱ्या आखायला, वह्या तपासायला, बिघाड दिसताच डॉक्टरांना फोन करायला त्यांच्यातलीच अनुभवी बाई लागेल. पर्यवेक्षिकेचे हे पद निर्माण करायला कुठल्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. एखाद्या ब्युरोने एका पेठेपुरते ते याच वर्षी सुरू करावे.