डब्यातला राजपुत्र

चवथीला बहीण माहेरी आली आणि तिच्या चिरंजिवांनी माझी पंधरा दिवसांची झोप उडवली. त्याचे असे झाले. माटोळीचे सामान काढायला म्हणून माळ्यावर चढलो, तर कोपऱ्यातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हाती आला. झाकण गंजलेले. सुरीने उचकटले तर आत चौदा फ्लॉप्या! माझ्या काकांच्या.

भाचा नववीत आहे. फ्लॉपी त्याने आजवर फक्त 'सेव्ह'च्या बटणावरच्या चित्रात पाहिलेली. "मामा, हे खरंच असायचं?" म्हणून तो एकेक उलटून पाहू लागला. त्यातल्या एकीवर काकांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'प्रिन्स – पोरांसाठी'. ती पोरे म्हणजे मी आणि माझी बहीण.

काकांचे फोंड्याला टायपिंगचे छोटे दुकान होते. १९९५ साली त्यांनी कर्ज काढून संगणक घेतला आणि लग्नपत्रिका, अर्ज, देवळाच्या उत्सवाची पत्रके त्यावर करू लागले. दुकान बंद झाले की अर्धा तास आमचा. त्या अर्ध्या तासात 'प्रिन्स ऑफ पर्शिया' चालायचा. पांढऱ्या कपड्यातला तो राजपुत्र, तळघरातले खिळे, अंगावर येणारे पहारेकरी आणि राजकन्येला सोडवायला मोजून साठ मिनिटे. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, ती उडी अजून डोळ्यांसमोर असेल. पुढे मी सरकारी नोकरीत चिकटलो, तर तिथेही जेवणाच्या सुट्टीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या टेबलावर हाच राजपुत्र उड्या मारताना भेटला.

तेव्हा भाच्याला ऐटीत म्हटले, "थांब, तुला दाखवतो खेळ कसा असतो तो." यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. फ्लॉपी आत गेली, तो ओळखीचा कुर्र कुर्र आवाज आला, आणि आश्चर्य म्हणजे फायली दिसल्या. 'प्रिन्स'वर दोनदा टिचकी मारली. खेळ उघडायच्या आधीच निरोप आला: हा प्रोग्राम तुमच्या संगणकावर चालू शकत नाही.

"फ्लॉपी खराब झालीय," मी निकाल देऊन टाकला. कचेरीत जुनी फाईल सापडली नाही की आम्ही म्हणतो ना, 'वाळवीने खाल्ली', त्यातलाच हा प्रकार. भाच्याला ते पटेना. "मामा, फाईल कॉपी तर नीट झाली. खराब असती तर कॉपी कशी झाली असती?" मुद्दा बिनतोड होता. मग मी आणखी शहाणपणा केला. फाईलवर उजवी टिचकी मारून जुन्या विंडोजची सुसंगतता निवडली, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिले. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. काही उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता. का, ते नंतर कळले.

मी कला शाखेचा माणूस, त्यामुळे मला जसे समजले तसे सांगतो. आमच्या कचेरीत लोक १९६१ पूर्वीचे जमिनीचे दस्तऐवज घेऊन येतात. कागद शाबूत, शिक्का शाबूत, सही शाबूत. पण मजकूर पोर्तुगीज! घरात वाचणारे आजोबा होते तोवर अडचण नव्हती. आज त्यांच्या नातवाला दुभाष्या शोधावा लागतो. दोष कागदाचाही नाही आणि नातवाचाही नाही. मधला वाचणारा उठून गेला, एवढेच.

आमच्या खेळाचे नेमके तेच झाले होते. तो डॉससाठी लिहिलेला, १६ बिटी प्रोग्राम. विंडोजच्या ३२ बिटी आवृत्त्यांत अशा जुन्या प्रोग्रामांसाठी एक दुभाष्या बसवलेला असे. ६४ बिटी आवृत्त्यांत तो ठेवलेलाच नाही, कारण प्रोसेसर ६४ बिटी रीतीने चालत असताना त्या दुभाष्याला लागणारी जुनी सोयच बंद असते. आणि २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्ती तर निघालीच नाही. सुसंगततेचे ते बटण प्रोग्रामला एवढेच भासवते की आपण जुन्या विंडोजवर आहोत. नसलेला दुभाष्या ते कुठून आणणार?

यावर उपाय आहे, आणि तोही फुकट. 'डॉसबॉक्स' नावाचा प्रोग्राम २००२ पासून उपलब्ध आहे. तो नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करतो. जुना प्रोसेसर, जुना पडदा, जुने साउंड कार्ड, सगळ्यांची सोंगे तो एकटा वठवतो. आपल्या दशावतारात एकच नट संकासुर होऊन जातो आणि दुसऱ्या प्रवेशाला ब्राह्मण होऊन येतो, तसे समजा. खेळाला वाटते, आपण १९९० मध्येच आहोत.

डॉसबॉक्स उतरवून घेतला. त्यात 'माउंट' असा हुकूम देऊन आपला फोल्डर कुठे आहे ते सांगावे लागते. सांगितले. उत्तर आले, असा फोल्डरच नाही! समोर दिसत होता, तरी नाही. अर्धा तास डोके खाजवल्यावर उजेड पडला. मी मोठ्या हौसेने फोल्डरला देवनागरीत नाव दिले होते, 'काकांचा डबा'. डॉसबॉक्सला देवनागरी वाचता येत नव्हती. मराठीच्या अभिमानाला मुरड घालून रोमन अक्षरांत 'काका' लिहिले, तेव्हा गाडी पुढे गेली. पुढे जाऊन पुन्हा थांबली. काळा पडदा क्षणभर चमकला आणि आम्ही होतो तिथेच. हा पराक्रम भाच्याचा. खेळाची मुख्य फाईल तेवढीच त्याने उचलली होती. सोबतच्या 'किड', 'गार्ड', 'लेव्हल्स' अशा नावांच्या डॅट फायली फ्लॉपीतच राहिल्या होत्या. म्हणजे राजपुत्र, पहारेकरी आणि महाल मागे ठेवून त्याने नुसता दरवाजा आणला होता.

सगळ्या फायली आणल्या. पुन्हा 'प्रिन्स' टंकले. आणि चालला की हो! रात्रीचे साडेअकरा वाजले होते. गंमत अशी की काकांच्या संगणकात साउंड कार्ड नव्हते, नुसता टीं टीं आवाज यायचा. सुरुवातीचे ते संगीत मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले, आणि तेही इतक्या वर्षांनी. बहीण आतून उठून आली आणि काही न बोलता माझ्या मागे उभी राहून बघत राहिली.

खेळाविषयी कुतूहल वाटून पुढे वाचत गेलो, तर एक गोष्ट सापडली. जॉर्डन मेकनर या तरुणाने हा खेळ जवळजवळ एकट्याने, चार वर्षे खपून केला. तो १९८९ मध्ये अॅपल टू या संगणकासाठी निघाला आणि १९९० मध्ये डॉसवर आला. राजपुत्राची ती जिवंत धाव म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची धाव. भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने व्हिडिओ घेतला आणि एकेक चित्र त्यावरून गिरवले. संगीत वडिलांचे. म्हणजे घरचाच कारभार, आपल्या उत्सवी नाटकासारखा! पुढे त्याच्याकडून खेळाचा मूळ आराखडा, म्हणजे सोर्स कोड, गहाळ झाला. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घर आवरताना कपाटाच्या मागे एक खोका सापडला. त्यात त्याच फ्लॉप्या होत्या! वीसेक वर्षांच्या त्या फ्लॉप्या वाचण्यासाठी जुन्या यंत्रांचे दोन जाणकार त्याच्याकडे आले, त्यांनी त्यातली अक्षरे सोडवली आणि तो कोड सर्वांसाठी खुला झाला. याखेरीज चाहत्यांनी डॉसच्या आवृत्तीची वीण उसवून आजच्या संगणकावर थेट चालणारी आवृत्तीही लिहून ठेवली आहे.

सगळ्याच खेळांचे नशीब असे नाही. अमेरिकेत या विषयावर काम करणाऱ्या एका संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत, असे त्यांना आढळले. जे जिवंत आहेत त्यांतले कितीतरी माझ्या भाच्यासारख्या हट्टी माणसांमुळे. कुणीतरी ते चालवून पाहिले, चालले नाहीत म्हणून चिडले, आणि का चालत नाहीत ते शोधून काढून दुसऱ्यासाठी लिहून ठेवले.

एक कबुली इथेच देऊन टाकतो. आमची फ्लॉपी विकतची नव्हती. या हातातून त्या हातात नक्कल होत ती आली होती. पहिला टप्पा ओलांडला की खेळ माहितीपुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर विचारायचा आणि त्या अक्षराची बाटली प्यायला सांगायचा. चुकीची प्यालात की फटका बसायचा! ती पुस्तिका आपल्याकडे कुणी पाहिली होती? आम्ही अंदाजाने मरत मरत पुढे जायचो. हे योग्य होते असे मी म्हणत नाही. पण आमच्या घरात तो खेळ त्या नकलेमुळेच उरला, हेही नाकारता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. डब्यातल्या उरलेल्या फ्लॉप्याही आम्ही लावून पाहिल्या. चौदापैकी नऊ वाचल्या गेल्या. बाकीच्यांना आपल्या पावसाळ्याने गाठले होते, आतल्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसत होते. वाचलेल्यांपैकी एकीवर 'नाटक, अंक १' असे लिहिले होते.

काका उत्सवासाठी नाटके लिहीत. १९९८ साली त्यांचे एक दोन अंकी नाटक गावच्या देवळासमोर झाले होते, आणि मी त्यात पडदा ओढायला होतो. काका २०११ मध्ये गेले. नाटकाची वही कुठे गेली, कुणाला ठाऊक नव्हते. धडधडत्या छातीने फाईल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे, उलटेसुलटे स्वल्पविराम. मराठीचे एक अक्षर नाही.

त्या काळी असेच चालायचे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्येच ठरले होते, युनिकोडमध्येही देवनागरी त्याच वर्षापासून होती. पण छपाईच्या कामात ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची सांकेतिक रचना. एकाचा 'क' दुसऱ्याच्या घरी कंस. तो फॉन्ट नसेल तर तुमचे नाटक म्हणजे नुसता कचरा. आणि इथे डॉसबॉक्स कुणी केलेला नव्हता. राजपुत्रासाठी जगभरातली माणसे रात्री जागली, काकांच्या नाटकासाठी कोण जागणार? आपणच ना?

कुणी म्हणेल, पोरखेळाची आणि साहित्याची तुलना कशाला करता? मी उलटे विचारतो. पोरखेळासाठी लोक एवढे कष्ट घेतात, मग ज्याला आपण साहित्य म्हणतो त्यासाठी आपण किती घेतले? गोव्यात मराठीच्या नावाने सभा होतात, ठराव होतात, मीही जातो आणि टाळ्या वाजवतो. पण १९९० ते २००५ या काळातल्या आपल्या स्मरणिका, उत्सवी नाटके, पदरमोड करून छापलेले कवितासंग्रह, यांतले किती मजकूर असे जुन्या फॉन्टांत अडकून कुणाच्या माळ्यावर पडले असतील? पुस्तकाला वाळवी लागली तर निदान भोके तरी दिसतात. फ्लॉपी बाहेरून वीस वर्षे ठणठणीत दिसते. 'जपून ठेवलंय' या समजुतीत आपण असतो आणि ते आत मरत असते. वस्तू नुसती ठेवल्याने जपली जात नाही. दर काही वर्षांनी ती चालवून, वाचून पाहावी लागते आणि नव्या घरात हलवावी लागते. दोन पावसाळ्यांत एकदा तरी.

काकांच्या फाईलचे म्हणाल तर शेवटी फॉन्टचे नाव सापडले, आणि तो युनिकोडमध्ये बदलून देणारे एक साधनही मिळाले. मजकूर आला, पण जोडाक्षरे मोडलेली, रफार भलत्याच डोक्यावर. मग रोज रात्री काकीकडे जाऊन बसू लागलो. मी वाचतो, अडखळतो. ती म्हणते, "तसं नाही रे, 'धर्म' असणार तिथं. त्यांनी ते वाक्य मला दहा वेळा ऐकवलं होतं." अशी ओळ न् ओळ दुरुस्त होत पहिला अंक परवा पुरा झाला.

दुसऱ्या अंकाची फ्लॉपी बुरशीतली आहे. ती गेली. पण त्या नाटकात काम केलेले एक वृद्ध नट गावात आहेत, त्यांच्याकडे त्यांची नक्कल मिळाली. पिवळ्या पडलेल्या कागदांवर फक्त त्यांची वाक्ये, आणि आधीच्या पात्राचे शेवटचे दोन-तीन शब्द. नायिकेचे काम केलेल्या बाईंची नक्कलही त्यांच्या ट्रंकेत निघाली. पात्रे होती सात. पाच नकला अजून शोधायच्या आहेत. दोन नट आता हयात नाहीत, त्यांच्या घरी विचारायचे आहे.

भाचा शाळा सुरू झाली म्हणून परत गेला. जाताना म्हणाला, "मामा, त्या पाच मिळाल्या की मला सांग. टायपिंग मी करीन." राजपुत्राला मात्र त्याला अजून राजकन्येपर्यंत पोचवता आलेले नाही. मलाही कधी आले नव्हते.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल, तर पुढच्या चवथीची वाट पाहू नका. या रविवारीच उघडा.