थ्रेड : हाली, कलदार आणि नया पैसा

१/ गोदाकाठचे गंगाखेड संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. याच गावच्या बाजाराने जेमतेम दहा वर्षांत चलनाचे दोन बदल पचवले. संगणकाच्या भाषा घडवणाऱ्यांनी तो इतिहास अवश्य वाचावा, असे माझे मत आहे.

२/ निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा रुपया 'हाली', तर ब्रिटिश हिंदुस्थानचा 'कलदार'. नाव दोघांचेही रुपयाच, मोल निराळे. सात हाली म्हणजे सहा कलदार. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, तरी काही वर्षे दोन्ही रुपये सोबत नांदले.

३/ समजा, एखाद्या कर्जरोख्यात नुसतेच 'शंभर रुपये' लिहिले आहे. ते हाली असतील, तर कलदारात सुमारे ८५ रुपये ११ आणेच होतात. चौदा रुपयांचा फरक, तोही एक शब्द गाळल्यामुळे! 'हाली' की 'कलदार' हे लिहिण्यातच ऋणकोचे संरक्षण होते.

४/ १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपया तोच राहिला. त्याचे ६४ ऐवजी १०० भाग झाले. नव्या भागास मुद्दाम 'नया पैसा' म्हटले. नुसते 'पैसा' म्हटले असते, तर एकाच नावाने दोन मोले फिरली असती.

५/ तरी सांधा पूर्ण जुळला नाही. चार आणे म्हणजे नेमके २५ नये पैसे. पण एक आणा म्हणजे सव्वासहा. कोष्टकात तो ६ धरला. चार आणे एकेक करून मोडले, तर हाती २४ च येतात. थोडके घेणाऱ्या गरिबालाच असा एकेक पैसा जाणवतो.

६/ आता संगणकाकडे वळू. पायथन भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतील, म्हणजे भाषेसोबत मिळणाऱ्या तयार साधनसंचातील, 'डिस्टयुटिल्स' हे साधन कालबाह्य असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले आणि २०२३ मध्ये ते काढले गेले. जुना प्रोग्रॅम तेथे अडतो, पण निदान ओरडून अडतो.

७/ याउलट, त्याच भाषेत पूर्णांकांच्या भागाकारात ३/२ चे उत्तर १ येई. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते १.५ येते. पूर्वसूचना दिली होती, पर्यायी चिन्हही होते, हे खरे. तथापि न बदललेला जुना प्रोग्रॅम मुकाट्याने निराळे उत्तर देऊ शकतो. मला हा प्रकार अधिक घातक वाटतो.

८/ मग जुने कायमचे सांभाळावे काय? मुळीच नाही. १ जून १९६४ रोजी 'नया' शब्दही गळाला आणि उरला केवळ 'पैसा'. पण त्याआधी लोकांस सात वर्षे मिळाली होती.

९/ जुने नाव निवृत्त करावे. मात्र त्यावर विसंबलेले व्यवहार चालू असताना तेच नाव नव्या अर्थास देऊ नये. आणि इतिहासप्रेमी मित्रांनो, मराठवाड्यातील जुन्या दस्तात रक्कम दिसली, की प्रथम विचारा : रुपया कोणता?