वारा, कोळसा आणि विजेचे मोल

यशवंतपूरच्या कारखान्यांना अहोरात्र वीज लागते. परंतु कर्नाटकात कोळशाच्या खाणी नाहीत. रायचूरच्या औष्णिक केंद्रासाठी कोळसा परराज्यांतून रेल्वेने आणावा लागतो. चित्रदुर्ग व गदगच्या टेकड्यांवरील वाऱ्याला असे भाडे पडत नाही. केंद्राच्या पहिल्या पवनवीज-लिलावात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, युनिटचा दर ३.४६ रुपये ठरला. ऑक्टोबरात तो २.६४ रुपयांवर उतरला. तथापि वारा पावसाळ्यात जोमाने वाहतो, एरवी मंदावतो. म्हणून केवळ दरांची तुलना अपुरी होय. वारा पडल्यावर वीज पुरविण्याचा खर्चही हिशेबात धरला पाहिजे. त्यावरील उपाय राज्याजवळच आहे. शरावतीचे जलविद्युत्केंद्र १९६० च्या दशकापासून उभे आहे. वारा असताना तेथील पाणी राखावे, नसताना सोडावे. असे केल्यास नव्या कोळसाकेंद्रापेक्षा पवनचक्कीच किफायतशीर ठरेल.