घाटात अडकलेली बस आणि चढलेला पारा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी कराडहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटात रस्त्यावर झाड आडवे पडले आणि आमची बस जागच्या जागी थांबली. दीड तास झाला तरी वाहने हलेनात. पावसामुळे खिडक्या बंद, आत उकाडा, पोरांची रडारड. हळूहळू प्रत्येकाचा पारा चढू लागला.

माझ्या पुढच्या बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ होते. शेजारच्या बाईंच्या मुलाच्या हातून त्यांच्या धोतरावर थोडे पाणी सांडले. ते मुलावर असे ओरडले, की सारी बस गप्प झाली. मीही तावातावाने म्हणालो, "आजोबा, लहान मूल आहे, जरा धीर धरा की!" त्यावर ते माझ्यावरच घसरले. बाचाबाची वाढणार, इतक्यात कंडक्टर जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, सकाळपासून काही खाल्लंय का?"

तेव्हा माझे डोळे उघडले. गृहस्थांना दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली, पोटात मात्र फक्त कपभर चहा. जेवण चिपळूणला लेकीकडे व्हायचे होते. रक्तातली साखर फार उतरली की माणूस असाच चिडचिडा होतो, कधी असंबद्ध बोलतो. तीस वर्षे रोगी तपासणाऱ्या मला जे दिसले नाही, ते कंडक्टरला दिसले. कारण मी रागावलो होतो आणि तो शांत होता.

ज्या बाईंच्या मुलाला बोलणी बसली, त्यांनीच पिशवीतला साखरेचा पुडा फोडला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, वर बिस्किटे. पंधरा-वीस मिनिटांत गृहस्थ सावरले आणि ओशाळून मुलाच्या डोक्यावरून हात फिरवू लागले.

प्रत्येक भांडखोर प्रवासी आजारी असतो, असे मी म्हणणार नाही. पण संतापाची किंमत आपल्याही शरीराला मोजावी लागते. राग आला की ॲड्रिनॅलिन स्रवते, नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो. हृदयविकार असणाऱ्यांना तर संतापानंतरचे पहिले दोन तास अधिक जोखमीचे असतात. सुट्ट्या पैशांसाठी किंवा खिडकीच्या जागेसाठी एवढी किंमत कशाला द्यायची?

मधुमेहींनी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी प्रवासाला निघू नये. खिशात साखरेची पुडी ठेवावी. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भांडणानंतर छातीत दुखू लागले तर 'रागाने झाले असेल' म्हणून अंगावर काढू नये. आणि राग अनावर होतो असे वाटले, की पाच-सहा वेळा सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडावा. तेवढ्याने जीभ आवरते.

पुढच्या वेळी बसमध्ये कोणी अंगावर धावून आले, तर उलट उत्तर देण्याआधी "काही त्रास होतोय का?" एवढे विचारून पाहा. त्या दिवसापासून मी विचारू लागलो आहे; प्रवासात आणि दवाखान्यातही.